फँटसी मोहिमेत डंजन असावे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात रविवारी दुपारी आमच्या घरच्या टेबलावर रोलप्लेइंगची, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळाची, अनेक सत्रे चालणारी मोहीम चालते. आमच्याकडे खेळून गेलेल्या आणि नंतर स्वतः सूत्रधार झालेल्या मंडळींकडून डंजनाविषयी पुन्हा पुन्हा जे प्रश्न येतात, ते येथे एकत्र केले आहेत. जो खेळाचे जग आखतो आणि खेळाडूंना समोर काय दिसते ते सांगतो, ज्याला टेबलावर सगळे ‘डीएम’ (डंजन मास्टर) म्हणतात, त्याला येथे सूत्रधार म्हटले आहे. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल, मात्र एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डंजन म्हणजे नेमके काय? तुरुंग, तळघर की भुयार?

मराठीत यासाठी एकच नेमका शब्द नाही. अंधारकोठडी म्हटले की कैदी आठवतो, भुयार म्हटले की एका टोकाची दुसऱ्या टोकाला नेणारी वाट, आणि तळघर म्हटले की वाड्याखालची साठवणीची जागा. मूळ शब्दाचा प्रवासही वाकडाच आहे. तो ‘दाँजाँ’ या फ्रेंच शब्दावरून आला आणि त्याचा अर्थ किल्ल्यातील सर्वांत भक्कम बुरूज असा होता. जमिनीखालच्या कोठडीचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

खेळातील अर्थ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घडला. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन यांनी ब्लॅकमूर नावाच्या काल्पनिक किल्ल्याखाली, आणि विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्स यांनी ग्रेहॉक किल्ल्याखाली मजल्यांवर मजले असलेली तळघरे आखली आणि आपल्या मित्रांना त्यांत उतरवले. त्या दोघांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली प्रसिद्ध झाला.

मी कामापुरती व्याख्या अशी करतो : ज्या जागेत कुठून कुठे जाता येईल हे भिंती ठरवतात, जिचा नकाशा सूत्रधारापुढे असतो पण खेळाडूंपुढे नसतो, आणि जिथून बाहेर पडणे आत शिरण्याइतके सोपे नसते, ती जागा म्हणजे डंजन. ती डोंगराच्या पोटात असेल, ओसाड वाड्यात असेल किंवा वाळूत रुतलेल्या जहाजातही असेल.

२. मी पहिल्यांदाच सूत्रधार होत आहे. डंजनापासून सुरुवात करू का?

अवश्य करावी. नवख्या सूत्रधाराला सर्वांत जास्त धास्ती असते ती खेळाडूंनी न आखलेल्या ठिकाणी जाण्याची. नगरात खेळ सुरू केला, तर पहिल्याच तासात कोणीतरी सराफाच्या दुकानात, कोणीतरी देवळात आणि कोणीतरी थेट राजवाड्यात जायला निघतो, आणि या सर्वांची तयारी आदल्या रात्री कोणालाच करता येत नाही. डंजनात सात खोल्या असतील, तर सात खोल्यांची तयारी पुरते. शिवाय प्रत्येक वेळी खेळाडूंसमोर दोन किंवा तीन वाटा असल्याने तेही ‘आता करायचे तरी काय’ या प्रश्नाशी अडत नाहीत.

पहिल्या डंजनात सहा ते आठ जागा, दोन प्रवेश, एक बोलता येईल असा रहिवासी, एक स्पष्ट दिसणारा धोका आणि आत जाण्याचे एक साधे कारण एवढे असावे. हरवलेला माणूस हे कारण खजिन्यापेक्षा चांगले चालते, कारण त्याला शोधण्याची घाई असते.

३. नगर, जंगल, दरबार हे सारे असताना डंजन हवेच कशाला?

हा या पानावरचा खरा प्रश्न आहे. सवयीने डंजन घालू नये, तसेच ‘ते जुनाट झाले’ म्हणून टाकूनही देऊ नये. मी प्रत्येक वेळी एकच कसोटी लावतो : या जागेच्या भिंती काढून टाकल्या आणि त्याच खोल्यांतील त्याच गोष्टी उघड्या माळावर मांडल्या, तर खेळाडूंचे निर्णय बदलतील का? बदलणार नसतील, तर आपण आखले ते एकामागून एक येणाऱ्या प्रसंगांचे ताट आहे आणि त्याला भिंतींची गरज नाही. बदलणार असतील, तर डंजन आपले काम करीत आहे.

भिंतींमुळे तीन गोष्टींना वजन येते. पहिली वाट : डावीकडच्या बोळातून पाण्याचा आवाज येतो, उजवीकडून धुराचा वास येतो, आणि एकीकडे गेले की दुसरीकडचे काही काळ सुटते. दुसरी म्हणजे उजेड आणि वेळ, ज्यांविषयी सातव्या प्रश्नात लिहिले आहे. तिसरी परत फिरण्याची किंमत. जंगलात जखमी झालेला गट वाट फुटेल तिकडे पळू शकतो. डंजनात त्याला ज्या दाराने तो आला त्याच दाराकडे, आणि कदाचित ज्याला चुकवून आला त्याच्याच समोरून, परतावे लागते.

महाभारतातील चक्रव्यूह आपल्या मनावर इतका कोरला गेला आहे तो याच कारणाने. अभिमन्यूला आत जाण्याची विद्या होती आणि बाहेर पडण्याची नव्हती. ती रचना सैन्याची होती, तिला दगडी भिंती नव्हत्या, तरी वरच्या कसोटीला ती पूर्ण उतरते. म्हणूनच ‘डंजन हे दगडाचेच हवे का’ असे कोणी विचारले, की मी हाच दाखला देतो.

४. मग डंजन कधी टाळावे?

ज्या कथेचा गाभा माणसांच्या परस्परसंबंधांत आहे, तिथे टाळावे. वारसाहक्काचा तंटा, दरबारातील कारस्थान, फितुरीचा शोध यांत पात्रांना पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडे जाऊन बोलता यायला हवे, आणि अशा मोहिमेच्या मध्ये चार सत्रांचे डंजन आले की आधीचे धागे खेळाडूंच्या हातून सुटतात. लांबच्या प्रवासाच्या मोहिमेतही मोठे डंजन प्रवासाचीच गती मारते.

आणखी एक प्रसंग मला स्वतःच्या चुकीमुळे माहीत आहे. कथा कुठे न्यावी हे सुचत नसताना मी एकदा गावाखाली अचानक डंजन उघडले. खेळाडू गुणी होते, ते मुकाट्याने उतरले आणि तीन रविवार खोल्या साफ करीत राहिले. तिसऱ्या रविवारी एकीने विचारले, ‘दादा, आपण इथे का आलो होतो?’ मला उत्तर देता आले नाही. सूत्रधाराला पुढचे सुचत नाही, हे डंजन घालण्याचे कारण होऊ शकत नाही.

५. डंजन किती मोठे असावे?

आपल्याला वाटते त्याच्या निम्मे असावे. साडेतीन तासांच्या सत्रात, चहा आणि गप्पा धरून, आमचा पाच जणांचा गट साधारण चार ते सहा खोल्या पाहतो. म्हणजे तीस खोल्यांचे डंजन म्हणजे पाच ते सात रविवार, आणि दर पंधरा दिवसांनी भेटणाऱ्या गटासाठी जवळजवळ तीन महिने. एवढा काळ एका जागेला द्यायचा असेल, तर ती जागा मोहिमेच्या केंद्रस्थानी असली पाहिजे. संपूर्ण मोहीम एकाच डंजनात चालवण्याविषयी सोळावा प्रश्न पाहावा.

६. माझ्या डंजनात खेळाडू कंटाळतात. खोली, दार, खोली, दार असेच होत राहते. काय चुकते?

बहुतेक वेळा नकाशाच चुकलेला असतो. खोल्या एका माळेत ओवलेल्या असल्या, तर खेळाडूंना निवडायला काही उरत नाही. पुढचे दार उघडायचे की घरी जायचे, एवढेच त्यांच्या हाती राहते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जेनेल जॅक्वेज यांनी रचलेली डंजने आजही अभ्यासली जातात ती नेमक्या या कारणासाठी. त्यांत शिरण्याच्या वाटा अनेक असतात, मार्ग वळसा घेऊन पुन्हा एकमेकांना मिळतात, आणि दोन मजले एका जिन्याऐवजी चार निरनिराळ्या प्रकारांनी जोडलेले असतात.

हे समजण्यासाठी मी नव्या सूत्रधारांना परदेशी नकाशे देत नाही, राजगडाचा नकाशा देतो. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला. पाली दरवाजाने या, गुंजवणे दरवाजाने या, अळू दरवाजाने या, किंवा चोरदरवाजाच्या अवघड वाटेने पद्मावती माचीवर निघा. सोपी वाट पहाऱ्यासमोरून जाते आणि अवघड वाट दम काढते. संजीवनी माचीला तर दुहेरी तटबंदी आहे, दोन भिंतींच्या मधून माणूस उतरू शकतो, आणि बाहेरचा तट पडला तरी आतला उभा राहतो. हा नकाशा समोर ठेवून ‘तुम्ही कुठून शिराल’ असे पाच जणांना विचारले, की पाच उत्तरे येतात आणि वाद सुरू होतो. आपल्या डंजनाच्या नकाशावर असा वाद झाला, तर नकाशा जमला असे समजावे.

गडाची चढण शक्य नसेल, तर शहरातच शनिवारवाडा आहे. त्याला दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ असे पाच दरवाजे आहेत, आणि प्रत्येकाची जागा व वापर वेगळा होता.

आपला जुना नकाशा दुरुस्त करायचा असेल, तर तीन बदल पुरतात : दुसरे प्रवेशद्वार द्यावे, दोन दूरच्या खोल्या एका लपलेल्या वाटेने जोडाव्यात, आणि शेवटची खोली दुरून, एखाद्या झरोक्यातून, आधीच दिसू द्यावी.

७. मशाली, वेळ, ओझे यांचा हिशोब ठेवावाच लागतो का?

तीनपैकी निदान एकाचा ठेवावा. काहीच न ठेवल्यास डंजनाचा अंधार केवळ वर्णनापुरता उरतो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या प्राथमिक (‘बेसिक’) नियमपुस्तिकेत हा हिशोब फार नेटका होता. दहा मिनिटांची एक पाळी, एक मशाल सहा पाळ्या म्हणजे तासभर, कंदिलाच्या तेलाची एक कुपी चोवीस पाळ्या, आणि दर दोन पाळ्यांनी सूत्रधाराने सहापैलू फासा टाकायचा : एक पडला तर कोणीतरी भटकत समोर येते. या एका फाशामुळे ‘दार फोडायचे की कुलूप हळूहळू उघडायचे’ हा प्रश्न खरा होतो. त्याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीतही मशाल तासभरच जळते. वीस फूट स्वच्छ उजेड पडतो आणि त्यापुढे आणखी वीस फूट अंधुक. फरक एवढाच, की आजकाल टेबलावर त्याकडे कोणी पाहत नाही. २०२३ साली आलेल्या ‘शॅडोडार्क’ या खेळाने मशालीचा तास घड्याळातल्या खऱ्या तासाला बांधला. आम्ही तो प्रयोग केला, तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत टेबलावरची बडबड आपोआप थांबली.

‘आमच्या सगळ्या पात्रांना अंधारात दिसते, मग मशालींचा उपयोग काय’ असे हमखास विचारले जाते. पाचव्या आवृत्तीत डार्कव्हिजन म्हणजे अंधारात पाहण्याची शक्ती असलेल्या पात्राला काळोख अंधुक उजेडासारखा दिसतो, त्याला रंग कळत नाहीत, आणि नजरेने शोध घेताना त्याचा फासा डिसॲडव्हांटेजने पडतो, म्हणजे दोनदा टाकून कमी आकडा धरला जातो. म्हणजे मशालीशिवाय चालणारा गट दुरून दिसत नाही, पण सापळ्यावर पाय ठेवण्याची शक्यता वाढते. ही देवाणघेवाण खेळाडूंना आधीच स्पष्ट सांगावी.

८. राक्षस आपापल्या खोलीत बसून का राहतात? ते खातात काय?

हा प्रश्न विचारणारा खेळाडू लाभला, तर त्याला जपावे. जागा कोणी बांधली, नंतर तिथे कोण राहिले आणि आज कोण राहते, या तीन थरांची उत्तरे सूत्रधाराकडे असली, की अर्धे डंजन आपोआप भरते. पाणी कुठून येते हे सर्वांत आधी ठरवावे. आपल्याकडच्या लेण्यांत विहारांच्या शेजारी कातळात पोढ्या खोदलेल्या दिसतात, गडांवर टाकी असतात. जिथे पाणी तिथे वस्ती, पायवाट आणि भांडण. गॉब्लिन या बुटक्या राक्षसांची टोळी टाक्याच्या या बाजूला आणि सरडेमाणसे त्या बाजूला असतील, तर दोघांनी पाण्याच्या वेळा वाटून घेतल्या असतील, आणि त्या वेळा ज्याला कळतील तो न लढता आत जाईल.

धान्य, मलमूत्र, धूर आणि हवा यांचाही थोडा विचार करावा. सगळे कागदावर लिहिण्याची गरज नाही, पण विचारल्यास उत्तर देता यावे.

९. पुण्याच्या आसपासच्या खऱ्या जागांवरून डंजन रचता येईल का?

येईल, आणि माझ्या मते तेच करावे. खेळाडूंच्या पायाखालून गेलेली जागा त्यांच्या डोळ्यांपुढे पटकन उभी राहते.

माझे सर्वांत आवडते उदाहरण कात्रजच्या नळाचे आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत पाणी आणण्यासाठी जमिनीखालून बांधीव नळ घातला गेला. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते, ज्यांतून हवा जाई आणि गाळ काढण्यासाठी माणसाला उतरता येई. आता सूत्रधाराच्या नजरेने पाहा. एक लांब पाणवाट, दर काही अंतरावर वर जाण्याची जागा, फुटणाऱ्या शाखा, आणि प्रत्येक शाखेच्या टोकाला कोणाच्या तरी वाड्यातला हौद. पाणी वाढले की वाट बंद, उतरले की उघडी. आमच्या मोहिमेत अशाच एका काल्पनिक नगराच्या नळातून चोरांची टोळी श्रीमंतांच्या चौकांत उगवत असे. त्या डंजनात एकही लढाई न होता दोन सत्रे गेली, कारण खेळाडू कोणता उच्छ्वास कोणत्या पेठेत उघडतो याचाच नकाशा करीत बसले होते.

जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर आठव्या शतकातले, कातळात कोरलेले आणि अपूर्ण राहिलेले लेणे आहे. काम अर्ध्यात का थांबले, हा एक प्रश्न एका डंजनाचे बीज म्हणून पुरेसा आहे. भाजे, कार्ले, बेडसे येथे गेल्यास आणखी एक गोष्ट लक्षात येते : कोरीव लेण्यात दगड रचलेला नसतो, काढून टाकलेला असतो. त्यामुळे भिंत सहसा ढासळत नाही, लपलेली वाट नंतर सहजासहजी घालता येत नाही, आणि बहुतेक मूळ कारागिरांना ठाऊक असलेलेच तिथे असते. वाड्याच्या बाबतीत नेमके उलटे असते. तिथे भिंतीत बळद असते, माजघराखाली तळघर असते, अंगणात धान्याचे पेव असते, आणि प्रत्येक पिढीने काहीतरी बुजवलेले व काहीतरी फोडलेले असते. दोन्ही प्रकारची डंजने खेळताना वेगळी वाटली पाहिजेत.

पुण्यापासून दूर असला, तरी देवगिरीचा किल्ला वगळता येत नाही. खोल खंदक ओलांडल्यावर कातळातून वर चढणारी ‘अंधारी’ लागते. ती वळणावळणांची, काळोखी वाट शत्रूला चकवण्यासाठीच केलेली आहे. वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून धूर आत कोंडण्याची सोय होती, असे सांगितले जाते. डंजन ही परकी कल्पना आहे असे म्हणणाऱ्याने एकदा त्या वाटेने दिव्याशिवाय चालून पाहावे.

एक पथ्य मात्र पाळावे. कार्ल्याला एकवीरेचे देऊळ आहे, लेण्याद्रीला गिरिजात्मज आहे. या आजही नांदत्या जागा आहेत. रचना घ्यावी, नाव बदलावे, आणि श्रद्धास्थानात राक्षस बसवू नये. तसेच प्रेरणेसाठी जुन्या नळात किंवा टाक्यात प्रत्यक्ष उतरू नये. तिथे हवा कोंडलेली असू शकते.

१०. युरोपीय वळण नको आहे. आपल्या परंपरेत डंजनासारखे काही आहे का?

भरपूर आहे. किष्किंधाकांडात वाली मायावी असुराचा पाठलाग करीत बिळात शिरतो. सुग्रीव बाहेर वर्षभर थांबतो, आतून रक्त वाहत आलेले पाहून भाऊ मेला असे समजतो आणि तोंडावर शिळा लोटतो. पुढचे सगळे वैर त्या शिळेतून निघते. त्याच कांडात तहानलेले वानर एका बिळातून ओल्या पंखांचे पक्षी बाहेर येताना पाहतात आणि आत पाणी आहे हे ओळखतात. सूत्रधाराने सुगावा कसा द्यावा, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ते एकमेकांना धरून अंधारातून जातात, त्यांना स्वयंप्रभा भेटते, आणि तिच्या कृपेने बाहेर येतात तेव्हा सुग्रीवाने दिलेली मुदत टळून गेलेली असते.

लाक्षागृहात विदुराने पाठवलेल्या खनकाने खोदलेले भुयार आहे. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ असे सात थर तर तयारच आहेत. ड्रॅगनऐवजी पुरलेल्या धनावर बसलेला नाग आपल्या गावोगावच्या गोष्टींत आहे.

११. सापळे घालावेत का? आमच्याकडे त्यावरून भांडणे होतात.

घालावेत, पण त्यांची खूण आधी दिसावी. जमिनीवरचे घासल्याचे पट्टे, भिंतीवरची काजळी, एकाच फरशीवर नसलेली धूळ यांपैकी काहीतरी वर्णनात आले पाहिजे, म्हणजे नुकसान झाल्यावर खेळाडू स्वतःला दोष देतात, सूत्रधाराला देत नाहीत.

पात्रे पटापट मारणाऱ्या डंजनांची जी कीर्ती आहे, तिचे मूळ गायगॅक्स यांनी १९७५ साली ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनातील स्पर्धेसाठी रचलेल्या, थडग्याच्या रूपातल्या डंजनात आहे. स्पर्धेत गटांची तुलना करायची असते, म्हणून तिथे ती निर्दयता योग्य होती. दोन वर्षे जपलेल्या पात्रांवर तीच वापरली, तर भांडण होणारच.

१२. पाचव्या आवृत्तीत दिवसाला सहा ते आठ लढाया अपेक्षित आहेत म्हणे. आमची एकच होते आणि मांत्रिक सगळे मंत्र त्यातच वापरतो.

२०१४ च्या सूत्रधार-पुस्तिकेत मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकींचा दिवस गृहीत धरला आहे, आणि खर्चलेले मंत्र व शक्ती परत देणारी तासाभराची छोटी व आठ तासांची मोठी विश्रांती त्या हिशोबाने ठेवली आहे. नगरात किंवा प्रवासात इतक्या चकमकी एका दिवसात बसवणे अवघड जाते. डंजनात त्या सहज बसतात. तुमच्या गटात मांत्रिक वरचढ आणि योद्धा निष्प्रभ वाटत असेल, तर नियमांत फेरफार करण्याआधी एक मध्यम डंजन खेळून पाहावे. अर्थात, प्रत्येक चकमक लढाईच असावी असे नाही. शक्ती किंवा साहित्य खर्ची पडले की पुरे.

१३. खेळाडू दर दोन खोल्यांनंतर बाहेर जाऊन झोपतात. हे कसे थांबवावे?

मनाई करू नये, जागेला उत्तर देऊ द्यावे. आठ तासांत आतले लोक प्रेते पाहतील, पहारा वाढवतील, दारे अडवतील, मौल्यवान वस्तू हलवतील, आणि दहाव्या प्रश्नातल्या सुग्रीवासारखी एखादी शिळा तोंडावर लोटतील. दुसरा उपाय मुदतीचा आहे : अमावास्येच्या आत, पूर येण्याच्या आत, ओलिसाला हलवण्याच्या आत. मात्र गट खरोखरच मरणाच्या दारात असेल, तर त्याला सुरक्षित कोपरा मिळण्याची शक्यता राहू द्यावी.

१४. आमच्या गटात दोघांना लढाई आवडत नाही. त्यांना डंजनात काय करता येईल?

आत एकापेक्षा जास्त गट ठेवावेत आणि त्यांना एकमेकांविरुद्ध काहीतरी हवे असावे. आठव्या प्रश्नातले पाणवठ्याचे भांडण हे त्याचेच उदाहरण आहे. मग दुभाषा, मध्यस्थ आणि फितवणारा यांना काम मिळते. जुन्या नियमांत बाहेर आणलेल्या एका सुवर्णनाण्याला एक अनुभवगुण (ज्यांवर पात्र वरची पातळी गाठते) मिळे आणि राक्षस मारल्याचे गुण तुलनेने किरकोळ असत, त्यामुळे न लढता खजिना आणणे हाच शहाणपणा ठरे. ही पद्धत आजच्या खेळातही आणता येते.

१५. भुयार, कोंडलेली जागा यांचा एखाद्या खेळाडूला खरोखरच त्रास होत असेल तर?

मोहीम ठरवतानाच सर्वांना विचारावे, आणि शक्यतो एकेकट्याने विचारावे. त्रास अरुंदपणाचा असेल, तर उंच दालने, उघडे चौक आणि छत नसलेला पडका किल्ला वापरावा. भिंती वाटा ठरवतात तोवर डंजनाचे सर्व गुण टिकून राहतात. गुदमरणे, पुरले जाणे, पाण्यात अडकणे ही वर्णने गाळावीत. त्याने खेळाचे काहीही बिघडत नाही.

१६. संपूर्ण मोहीम एकाच डंजनात चालवता येते का?

येते. खेळाची सुरुवातच तशी झाली होती, हे पहिल्या प्रश्नात आले आहे. ज्या गटात दर वेळी तीच माणसे येत नाहीत, त्याला हा प्रकार विशेष मानवतो. आमच्याकडे गणपतीत अर्धे लोक ढोल-ताशाच्या सरावाला असतात, मार्चमध्ये परीक्षा असतात, आणि आयटीतल्या मंडळींचा रविवार ऐनवेळी जातो. प्रत्येक सत्राअखेर गट बाहेर आलाच पाहिजे असा नियम केला, की पुढच्या वेळी जे येतील ते उतरतात. मात्र जागा बदलती ठेवावी लागते. गेल्या महिन्यात रिकामा केलेला मजला या महिन्यात दुसऱ्या कोणी व्यापला पाहिजे.

१७. खेळाडूंनी आत न जाताच ओढ्याचे पाणी वळवून डंजन बुडवले. आता काय करू?

बुडू द्यावे. त्यांनी जागेचा विचार केला आणि सूत्रधाराच्या नकाशाला उत्तर शोधले, याचा आनंद मानावा. त्यानंतर प्रामाणिकपणे हिशोब करावा : पाणी कोणत्या मजल्यापर्यंत चढेल, खालच्या वाटेने कोण बाहेर पडेल, कागदपत्रांचे काय होईल, ओलिस कुठे होता, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला शेती करणाऱ्या गावाला दुसऱ्या दिवशी पाणी मिळेल का. आमच्याकडे हे घडले, तेव्हा पुढची तीन सत्रे त्या गावच्या पाटलाशी बोलण्यात गेली.

१८. सत्र डंजनाच्या मध्यावर थांबले आणि पुढच्या वेळी दोघे येणार नाहीत. त्यांच्या पात्रांचे काय?

सोळाव्या प्रश्नातील नियम पाळता आला नाही, तेव्हाची ही अडचण आहे. त्या दोघांच्या गैरहजेरीत त्यांच्या पात्रांना मरू देऊ नये आणि त्यांचे मंत्रही दुसऱ्याने खर्चू नयेत. ती पात्रे मागच्या सुरक्षित खोलीत दाराला अडसर लावून पहारा देत आहेत, असे मानावे. नकाशावर त्या खोलीत त्यांच्या सोंगट्या ठेवाव्यात, आणि त्यांच्याकडे किती मशाली उरल्या आहेत ते शेजारी पेन्सिलने लिहून ठेवावे.